चुलीच्या दगडावर हात

पहिला दगड थेरोनला लागलाच नाही, मला लागला. डाव्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं, तो डोळा मिटला तो मिटलाच. उरलेल्या एका डोळ्यानं पाहिलं तर माझा धाकटा भाऊ गल्लीतून सभागृहाकडे धावत होता आणि त्याच्यामागे अख्खं आर्गिला गाव. मासे खारवणारा मोस्खोस सगळ्यांत पुढे, हातात वल्हं घेऊन. बायाही होत्या. रोज सकाळी ज्यांना नावानं हाक मारायचो ती माणसं.

दगड शोधायला कुणाला लांब जावं लागत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी भूकंपात निम्मं गाव खाली बसलेलं. ज्याच्या त्याच्या दारात त्याच्याच घराचा ढीग. उचला आणि मारा.

"दादा, कुठं जाऊ?" थेरोन ओरडला.

"चुलीकडे," मी म्हणालो. "दगडाला हात लाव, गाढवा, आणि सोडू नकोस."

ही चूल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या ग्रीक गावांत घराघराची चूल असते तशी गावाचीही एक असते. सभागृहाच्या मधोमध, गोल, कमरेइतकी उंच, काळ्या दगडाची. तिची आग विझू द्यायची नाही. गावची माणसं दुसऱ्या बेटावर वस्ती करायला निघाली तर याच चुलीतला निखारा मडक्यात घालून नेतात. आणि जो कुणी तिच्या दगडाला हात लावून बसेल, मग तो चोर असो, खुनी असो, त्याच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. हात दगडावर आहे तोवर तो चुलीचा पाहुणा. ती चूल राखायचं काम आमच्या घराण्याकडे. आधी बाप राखायचा, मग मी, सिमोस. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पस्तिशीचा, घरात बायको मिर्टो आणि तीन लेकरं. आणि तापट इतका की मिर्टो म्हणायची, चुलीतली आग परवडली पण चुलीवाला नको.

थेरोन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला मी वाढवला. विसाव्या वर्षी समुद्रापलीकडे गेला, सामोसच्या अरिस्टार्कसकडे शिकायला, आणि सहा वर्षांनी परत आला तो माझ्याच घरी. त्याचं दुसरं घर नव्हतंच. लग्नाचं नाव काढलं की हसायचा. दुपारी चंद्र अर्धा दिसायचा तेव्हा हा छपरावर बसून दोन काठ्या घेऊन चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर मापायचा, आणि मिर्टो खालून ओरडायची की कौलं फुटतील. मला वाटायचं, सहा वर्षं शिकून पोरगं हेच शिकलं का.

मग एक दिवस त्यानं मला चुलीपाशी बसवून समजावलं. म्हणाला, गुरुजींनी मापं काढली आहेत, सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा निघतो. आता तूच सांग दादा, मोठ्यानं लहानाभोवती कशाला फिरायचं? आपल्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी बाप त्याला घेऊन चुलीभोवती धावतो. चूल कधी बाळाभोवती धावते का? तसा सूर्य मधे आणि आपण ही पृथ्वी घेऊन त्याच्याभोवती. मला ते इतकं आवडलं की मी बाजारभर सांगत सुटलो. माझा भाऊ म्हणतो पृथ्वी फिरते, माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोक हसले. कुणी म्हणालं, मग आपल्याला चक्कर कशी येत नाही? पुढे अथेन्सहून आलेल्या एका गलबतानं बातमी आणली की तिकडं कुणी मोठा तत्त्वज्ञ म्हणतोय, या अरिस्टार्कसवर खटला भरा, यानं विश्वाची चूल, म्हणजे ही पृथ्वीच, जागची हलवली. तेव्हापासून हसणं जरा कमी झालं. चूल म्हटल्यावर माणसं गंभीर होतात.

आणि मग जमीन हलली.

सकाळची वेळ होती. मी चुलीत लाकूड सारत होतो. आधी कुत्री गप्प झाली, मग खालून कुणीतरी गाव उचलून आपटलं. सभागृहाचं छप्पर गेलं, चूल राहिली, आग राहिली, मीही राहिलो. बाहेर आलो तर धुळीत काहीच दिसत नव्हतं, नुसत्या किंकाळ्या. आमचं घर उभं होतं, पोरं अंगणात होती म्हणून वाचली. मी आणि थेरोन धावलो ते बात्तोसच्या घराकडे, कारण तिकडून बात्तोसचा आवाज येत होता.

बात्तोस होड्या बांधायचा. त्याच्या कामाचे उरलेले लाकडाचे तुकडे वर्षानुवर्षं चुलीला यायचे, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. माझा दोस्तच म्हणा. बायको मागेच वारलेली, दोन मुली, थोरलीचं लग्न आठ दिवसांवर. दोघी भिंतीखाली होत्या. आम्ही तिघांनी नखं तुटेस्तोवर उकरलं. धाकटीचा पाय आधी लागला. बात्तोसनं तो पाय हातात धरला, घोटा चाचपला, आणि मग ओढायचं सोडून तसाच बसून राहिला. भोवती माणसं जमली होती.

थोड्या वेळानं त्यानं थेरोनकडे पाहून विचारलं, "तू म्हणाला होतास ना, पृथ्वी हलते म्हणून?"

कुणीही शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. रडला असता, पाय धरले असते. आमचं ध्यान गुडघ्यावर बसलं आणि समजावून सांगायला लागलं. म्हणालं, बात्तोसकाका, ते हलणं वेगळं. हे जमिनीखालचं आहे. ते हलणं इतकं संथ असतं की कुणाला कळतसुद्धा नाही. ती आत्ताही फिरतेच आहे.

आत्ताही. पोरीचा पाय बापाच्या हातात, आणि हा म्हणतो आत्ताही फिरते आहे. मी त्याची मान धरून त्याला उठवलं आणि घरी आणलं. वाटेत एक कानफटातही दिली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. जमलेल्यांनी तेवढंच नेलं. त्यानं म्हटलं पृथ्वी हलते आणि हलली, आणि तो म्हणतो अजून हलणार आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक धक्का आला, लहानसाच, पण उभ्या राहिलेल्या चार भिंती घेऊन गेला. त्यानंतर गाव आमच्या दाराशी आलं. मी दारात आडवा उभा राहिलो, आणि तो पहिला दगड मला बसला तो तिथं.

सभागृहाच्या पायऱ्यांवर त्यांनी थेरोनला गाठला. मोस्खोसनं वल्हं फिरवलं ते थेरोनच्या उजव्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवरून आला. तो पडला, उठला, पुन्हा पाठीत दगड बसला, पुन्हा पडला, आणि सरपटत जाऊन डाव्या हातानं त्यानं चुलीचा दगड धरला. मोस्खोसच्या डोळ्यांत खून होता, त्याला दगडबिगड दिसत नव्हता, त्यानं दुसऱ्यांदा वल्हं उचललं. माझा निखारे उचलायचा लोखंडी चिमटा तिथंच पडला होता. तो मी दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर हाणला. जबडा तुटला, दात फरशीवर सांडले. त्यानंतरही मी त्याला मारत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं मारायला.

"हात दगडावर आहे," मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. "दिसत नाही का कुणाला?"

माणसं थबकली. मोस्खोसला ओढून बाहेर नेलं. मग बात्तोस आला, हातात कुऱ्हाड. त्याच्या अंगावर अजून त्याच धुळीचे कपडे होते. त्यानं थेरोनकडे पाहिलं, चुलीच्या दगडावरच्या त्या हाताकडे पाहिलं, आणि दारात बसला. म्हणाला, आम्ही थांबतो. आज ना उद्या हा झोपेल, नाहीतर बेशुद्ध पडेल. हात सुटेल. सुटला की बघू.

आणि ते थांबले. छप्पर नव्हतं, ऊन थेट डोक्यावर. एका बाजूला चुलीची आग, वरून सूर्य. थेरोनचा कोपर भोपळ्यासारखा सुजला, ओठ पांढरे पडले. मी पाणी पाजलं ते त्यानं ओकलं. मधून मधून त्याची मान कलंडायची आणि मी त्याला चापट मारून जागा करायचो. माझा एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं मी त्याची पाच बोटं पाहत बसलेलो. संध्याकाळपर्यंत हा टिकत नाही, हे मला कळलं, बात्तोसला कळलं, बाहेरच्या प्रत्येकाला कळलं. दारातून दिसणाऱ्या कुंपणापलीकडे मिर्टो पोरांना घेऊन उभी होती. तिला मी हातानं खुणावलं, जा. ती गेली नाही.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. माझी मलाच. कुणी सांगितली नव्हती.

आमच्याकडे चुलीवर हात ठेवून शपथ घेतली की तिच्यापुढे साक्षीदार नको, पुरावा नको. कारण तिथं खोटं बोललं तर बोलणाऱ्याच्या घराचा निर्वंश होतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी बात्तोसपाशी जाऊन बसलो. म्हणालो, तुला हवंय काय? यानं जमीन हलवली असं तुला वाटतं. चुलीवर हात ठेवून यानंच सांगितलं की पृथ्वी जागची हलत नाही, चूल जिथं आहे तिथंच आहे, मग? मग तर झालं? बंदरात लाकडांचं गलबत उभं आहे. त्यात बसवून देतो, पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही. बात्तोसनं कुऱ्हाड मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलू दे. बोलला तर जाऊ दे त्याला." बाहेरच्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. खरं सांगायचं तर तेही उन्हानं कंटाळले होते.

मला फार आनंद झाला. मी थेरोनच्या कानाशी वाकलो.

"एक शब्द बोलायचा. स्थिर. एवढंच. गलबत उभं आहे."

"चुलीवर हात ठेवून?" त्यानं विचारलं.

"मग काय माझ्या डोक्यावर? तुला काय फरक पडतो? तुझ्यालेखी हा दगडच आहे ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे, मिर्टो उभी होती तिकडे. मला वाटलं, त्याला दिसत नसेल नीट, भ्रमात असेल. मी उभा राहिलो आणि चूल राखणारा म्हणून रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, सगळं गाव ऐकत होतं.

"थेरोन, या दगडावर हात ठेवून सांग. चूल स्थिर आहे की फिरते?"

त्यानं दगडाला रेलून मान वर केली.

"फिरते," तो म्हणाला. "पृथ्वी फिरते म्हणून तीही फिरते. सगळे फिरतो आपण."

बाहेर जो आवाज उठला तो मी अजून झोपेत ऐकतो. बात्तोस उभा राहिला. तो रडत होता, आत्ता पहिल्यांदा. "मग तू धरून काय बसलायस?" तो थेरोनला म्हणाला. "जी चूल जागेवरच नाही, तिचा आसरा कसला रे? तूच बोललास."

पुढे काय झालं ते आर्गिलात कुणालाही विचारा, एकच गोष्ट ऐकायला मिळेल. समुद्रापलीकडून अरिस्टार्कसच्या शिष्यांपैकी माणसं दोनदा आली, त्यांनाही मी तीच सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली, त्यातला एकजण रडलासुद्धा. की थेरोन म्हणाला, खरं आहे, मग मला इथं बसायचा हक्क नाही. त्यानं आपणहून हात काढला, उठला, आणि ताठ मानेनं दारातून बाहेर गेला. बाहेर त्याला दगडांनी मारलं. हा शेवटचा भाग अगदी खरा आहे. पहिले दगड लांबून आले, मग जवळून. गुडघे फुटल्यावर तो बसला. बात्तोसनं कुऱ्हाड टाकून दिली आणि स्वतःच्या दाराच्या चौकटीचा दगड, जो पोरींच्या अंगावरून काढला होता, तो दोघांच्या मदतीनं आणून त्याच्या छातीवर टाकला. तरी तो लगेच मेला नाही. बायांनी पदरातून आणलेले लहान दगडही संपवले. सगळं झालं तेव्हा माणसं एकमेकांकडे न बघता घरी गेली, आणि मी त्याला फावड्यानं गोळा केला.

पण तो ताठ मानेनं बाहेर गेला, हे मी रचलेलं आहे. बात्तोस गेल्या हिवाळ्यात गेला, मिर्टो त्याच्या आधी गेली. पोरं आपापल्या संसारात आहेत, त्यांनाही पोरं झाली. मी अजून आहे. आता सांगून टाकतो.

थेरोननं हात काढला नव्हता. "फिरते" म्हणाला आणि दगड आणखी घट्ट धरला. मरायला तो काही तयार नव्हता, थरथरत होता. आणि इतकं सगळं होऊनही त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बात्तोस शिव्या देत होता, पण जागचा हलत नव्हता. हात दगडावर होता ना. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका शब्दानं जात नाही. ते असेच उभे राहिले असते. कदाचित ऊन उतरलं असतं, कदाचित आणखी एखादा धक्का आला असता आणि सगळे पळाले असते. काय झालं असतं कुणास ठाऊक.

माझंच डोकं फिरलं. एक डोळा दिला होता मी त्याच्यासाठी. एका माणसाचा जबडा फोडला होता. चार वर्षांचा होता तेव्हापासून खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं तर एक शब्द मागितला, तोही त्याच्याच जिवासाठी. तो त्याला देववला नाही. गुरुजींचं गणित मोठं, दादा छोटा. असा राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही. मी वाकलो आणि त्याची बोटं दगडावरून सोडवायला लागलो. करंगळी आधी. ती सहज आली. पुढची तीन एकेक करून उचलली. अंगठा वाकवावा लागला.

मी चूल राखणारा. मला तो हक्क होता. म्हणून कुणी अडवलं नाही, फक्त दारातली माणसं मागे सरकली, वाट करून दिली.

त्याला वाटलं, मी त्याला घेऊन निघालोय. गलबताकडे असेल, घरी असेल, दादानं काहीतरी जमवलंय. त्यानं चांगला हात माझ्या मानेत टाकला आणि सगळा भार माझ्यावर दिला, लहानपणी द्यायचा तसा. त्याचा ताप मला कपड्यांतून लागत होता. आम्ही चालायला लागलो.

"दादा, रागावलास?" तो हळूच म्हणाला. "खोटं बोलता आलं असतं रे. पण मला कुठं वेगळं घर आहे? निर्वंश झाला असता तो तुझ्या घराचा. तुझी तीन लेकरं समोर उभी होती."

दार अजून चार पावलं लांब होतं. मी ती चारही चाललो.